नागपुरात बसून ऑक्टोपस: एका प्रकल्पाच्या नोंदी

१४ जून

वही आज उघडली. पाऊस अजून नाही. दुपारी कूलरच्या टाकीत दुसऱ्यांदा पाणी भरलं, आणि या घराचा पाण्याशी संबंध तेवढाच. नागपूरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र ५०० किलोमीटरच्या पुढेच लागतो. तरी प्रकल्प ऑक्टोपसचा.

याला कारण माझे गेल्या डिसेंबरातले ६३ फोटो. अंदमानात पहिल्यांदाच कॅमेरा घेऊन पाण्यात उतरलो होतो. प्रवाळाच्या फटीत ऑक्टोपस दिसला आणि मी हावऱ्यासारखा तुटून पडलो. तो पांढराफटक पडला, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं उमटली, हातांमधली कातडी छत्रीसारखी ताणली गेली. मला वाटलं, काय नशीब! घरी आल्यावर शेजारच्या काकांना ऐटीत दाखवले. काका प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून सगळे ६३ बघितले आणि म्हणाले, "अरे बाबू, हा तुला हाकलून राहिला आहे. एकाही फोटोत हा आपल्या कामात नाही. सगळीकडे तूच आहेस."

झोंबलं. पंधरा वर्षं ताडोब्यात वाघ टिपतोय. वाघाने कान मागे टाकले की जिप्सीवाल्याला मीच सांगतो, भाऊ, गाडी मागे घे. जंगलात मला अक्षरओळख आहे, पाण्यात मी ठार निरक्षर.

म्हणून ठरवलं ते असं. येत्या फेब्रुवारीत पुन्हा अंदमान. तोपर्यंत इथे बसून अभ्यास, आणि पाण्याखाली फोटो काढणाऱ्या मराठी माणसाच्या हाती देता येईल अशी एक छोटी पुस्तिका. माणसं तीन: मी, काका, आणि माझी भाची, जी एमएस्सी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पैसे माझे, डोकं त्यांचं.

१ जुलै

आजपासून ताडोब्याचा कोअर भाग ३० सप्टेंबरपर्यंत बंद. तीन महिने रविवार मोकळे. काकांच्या ओसरीवर पहिली बैठक झाली, तर्री-पोहे झाले, आणि पहिलं भांडण शब्दांवरून झालं.

मी मसुद्यात 'आठ पाय' लिहिलं होतं. भाची म्हणाली, "मामा, पायांनी कोणी झाकण उघडते का?" काकांनी 'अष्टपाद' आणि 'शीर्षपाद' हे शास्त्रातले शब्द आहेत म्हणून बाजू लावून धरली, पण शेवटी 'हात' ठरलं. 'सोंडा' मात्र बाद. तो घोळ इंग्रजी वाचणाऱ्यांचाही होतो. माकूल (स्क्विड) आणि कटलफिश यांना आठ हात असतात आणि शिवाय दोन लांब, टोकाशीच चूषक (चिकटून धरणारे अवयव) असलेल्या सोंडा असतात. ऑक्टोपसला त्या सोंडा नाहीतच. आठ हात, मुळापासून टोकापर्यंत चूषक. 'चूषक' हा शब्द वाचताना घशात अडकतो, म्हणून पुस्तिकेत 'वाट्या' म्हणायचं.

फोटोग्राफरच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट डोक्याची निघाली. आपण ज्याला ऑक्टोपसचं टक्कल समजतो ते डोकं नव्हे. ती अंगाची पिशवी. हृदयं, कल्ले, पोट, शाईची थैली सगळं त्यात. खरं डोकं म्हणजे पिशवी आणि हात यांच्यामधला, डोळे असलेला आखूड भाग. माझ्या ६३ पैकी निम्म्या फोटोंत फोकस पिशवीवर आहे. म्हणजे माणसाचा चेहरा सोडून पोट टिपल्यासारखं.

१३ जुलै

प्रत्यक्ष बघायला हवं म्हणून सकाळी भोईपुऱ्यात मासळी बाजारात गेलो. रोहू, कतला, मरळ, बर्फातले पापलेट. ऑक्टोपस विचारल्यावर विक्रेत्या मावशी हसल्या. "ते टीव्हीतलं काय? ते इकडे कोण खाते बाप्पा!" शेवटी बर्फात गोठवलेलं एक पाकीट मागवलं. त्यावर 'बेबी' लिहिलं होतं. काका म्हणाले, वय दिसतंय का तुला, लहान जातीचं पूर्ण वाढलेलं जनावर असेल.

काकांच्या अंगणात, जुन्या ट्रेवर, चार तास. मी आयुष्यात इतकं एका बैठकीत शिकलो नव्हतो.

हातांच्या मधोमध तोंड, आणि तोंडात पोपटासारखी चोच, फक्त उलटी: खालचा भाग वरच्यावर चढलेला. अख्ख्या अंगात टणक म्हणावं असं एवढंच. त्यामुळे जिथून चोच जाईल तिथून उरलेला ऑक्टोपस जातो. फट केवढी आहे याचा अंदाज आपण करायचा नाही, हा धडा इथेच मिळाला. डिसेंबरात मी "यात काही मावणार नाही" म्हणून एक भोक सोडून पुढे गेलो होतो.

हृदयं तीन. दोन कल्ल्यांजवळची रक्त कल्ल्यांतून ढकलतात, तिसरं उरलेल्या अंगाला पुरवतं. आमच्या गोठलेल्या नमुन्यात काकांनी ती सुईच्या टोकाने दाखवली. मला तिन्ही सारखाच लगदा दिसला, पण मान हलवली. रक्त निळसर, कारण प्राणवायू वाहून नेणाऱ्या रेणूत लोहाऐवजी तांबं. आता कामाची गोष्ट: नळीतून पाण्याचा झोत सोडून तो पोहत सुटला की ते तिसरं हृदय थांबतं. म्हणून पोहणं त्याला लवकर थकवतं, तो शक्यतो तळावरून सरपटतच जातो. म्हणजे आपल्यामुळे ऑक्टोपस झोत मारून पळाला तर आपण त्याला फुकटात दमवलं.

आणि डोळा. काकांनी चिमट्याने त्यातलं भिंग काढलं. भिजलेल्या साबुदाण्याएवढा पारदर्शक गोळा. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रावर ठेवला तर अक्षर मोठं दिसलं! आपल्या डोळ्यातलं भिंग फोकस करायला आकार बदलतं. ऑक्टोपसचं भिंग आकार बदलत नाही, पुढे-मागे सरकतं. अगदी माझ्या कॅमेऱ्याच्या लेन्ससारखं. आपल्या डोळ्यात मज्जातंतू पडद्याच्या पुढून जातात आणि जिथून बाहेर पडतात तिथे आंधळा ठिपका राहतो. ऑक्टोपसमध्ये तंतू मागून निघतात, त्यामुळे ठिपकाच नाही. त्याचा आपला पूर्वज इतका जुना की बहुधा नीट डोळाच नव्हता त्याला. दोघांनी आपापला कॅमेरा वेगळा बनवला.

संध्याकाळी भाचीने विचारलं, उरलेल्याचं काय, सावजी करायचं का? काकूंनी ट्रे उचलून सरळ मांजरींना दिला.

२७ जुलै

पाऊस धो-धो. नागनदी दुथडी. आज फक्त कातडी.

कातडीत हजारो बारीक रंगाच्या पिशव्या: पिवळ्या, तांबूस, तपकिरी-काळ्या. प्रत्येकीभोवती चक्राच्या आऱ्यांसारखे स्नायू. स्नायू आखडले की पिशवी ताणून पसरते, रंग दिसतो. सैल सोडले की ठिपका होते. हे स्नायू मेंदूच्या हुकमतीत, मध्ये संप्रेरकांची टपालसेवा नाही. म्हणून सरडा जे सावकाश करतो ते हा सेकंदाच्या आत करतो. त्याखालच्या थरात प्रकाश परतवणाऱ्या पेशी, काही निळा-हिरवा चकाकणाऱ्या, काही येईल तो प्रकाश तसाच सांडणाऱ्या. शिवाय कातडीचे उंचवटे स्नायूंनी उभे करता येतात: आत्ता गुळगुळीत, आत्ता शेवाळलेला दगड. प्रवाळ खडकांवर फिरणाऱ्या ऑक्टोपसच्या सात तासांच्या चित्रीकरणात त्याने जवळजवळ १,००० वेळा रूप बदललेलं मोजलं गेलं आहे.

आणि एवढं सगळं करणारा प्राणी रंगांधळा. त्याच्या डोळ्यात प्रकाश ओळखणारं रंगद्रव्य एकाच प्रकारचं. मग रंग जुळवतो कसा? प्रकाशाचं ध्रुवण (प्रकाशलहरी कोणत्या दिशेने थरथरतात ते) त्याला दिसतं, ते आपल्याला दिसत नाही. २०१५ साली एका जातीच्या कातडीतच प्रकाश ओळखणारी प्रथिनं सापडली. २०१६ साली एका बापलेकांनी मांडणी केली की डोळ्यातल्या विचित्र आकाराच्या बाहुलीमुळे वेगवेगळ्या रंगांचं प्रकाशकेंद्र वेगळं पडतं आणि फोकस पुढे-मागे करून तो रंग ताडत असावा. काका या शेवटच्या मांडणीवर अजिबात खूश नाहीत. मी आहे. लेन्सच्या ज्या दोषाला आम्ही फोटोत जांभळी कड म्हणून शिव्या घालतो, त्याचाच कोणी उपयोग करत असेल तर मला ते आवडेल.

आजचा खरा शोध मात्र भाचीचा. ती म्हणाली, "मामा, खालच्या पेशी येईल तोच प्रकाश परत देतात नं? मग समुद्रात निळा प्रकाश येते, म्हणून तो आजूबाजूसारखा निळसर. तुम्ही स्ट्रोबचा फ्लॅश मारला की पांढरा प्रकाश. मग तुमच्या फोटोत जे दिसते ते कोणत्याच माशाने कधी पाहिलेलं नाही."

दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मी पंधरा वर्षं 'नैसर्गिक रंग' म्हणून मिरवतो. पाण्यात लाल तर पहिल्या काही मीटरांतच विझतो, म्हणून आम्ही स्ट्रोब वापरतो, लाल परत येतो, फोटो खुलतो. पण तो लपलेला ऑक्टोपस स्ट्रोबखाली उघडा पडतो आणि बघणाऱ्याला वाटतं, हा काय लपलाय! पुस्तिकेत ठळक घातलं: एक फोटो स्ट्रोबशिवाय, नुसत्या समुद्राच्या प्रकाशात घ्यायचाच. तो दिसायला फिका असेल, पण खरा असेल.

१० ऑगस्ट

पाण्याखाली कॅमेरा हाताळायच्या सरावाची भानगड. पोहण्याच्या तलावाच्या व्यवस्थापनाने "कॅमेरा नाही म्हणजे नाही" सांगितलं. त्यांचंही चूक नाही, बाकी लोक पोहत असतात. तीन खेपा घातल्यावर पहाटे साडेपाच ते साडेसहा, एकट्याने, अशी परवानगी मिळाली.

आज पहिला दिवस आणि पहिलाच अपघात. हाउसिंग (कॅमेऱ्याची पाणबंद पेटी) बंद करताना ओ-रिंगवर, म्हणजे तिच्या रबरी कड्यावर, एक केस राहिला. माझाच, पांढरा. दीड मीटरवर गेलो, बुडबुड्यांची बारीक माळ दिसली, वर येईपर्यंत आत चमचाभर पाणी. जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा गेला. तांदळाच्या डब्यात ठेवला आहे, पण तो आता तांदूळच राखेल. नशीब की खाऱ्या पाण्यात मोठा कॅमेरा नव्हता.

नवा नियम: ओ-रिंग आदल्या रात्री, पंखा बंद करून, टॉर्चच्या तिरप्या उजेडात तपासायची. सकाळी घाईत नाही. आणि कॅमेरा घालण्याआधी रिकामं हाउसिंग एकदा पाण्यात बुडवून बघायचं.

२४ ऑगस्ट

काल मारबत निघाली, आख्खं इतवारी रस्त्यावर. काम शून्य. भाचीने मिरवणुकीतल्या बडग्यांच्या पुतळ्यांवरून स्फूर्ती घेऊन तलावातल्या सरावासाठी कागदाच्या लगद्याचा ऑक्टोपस करायला घेतला आहे. काळ्या मारबतीसारखाच दिसतो.

१४ सप्टेंबर

आजची बैठक सगळ्यात लांब. विषय: पाण्यातले पगमार्क, म्हणजे माग काढायच्या खुणा.

वाघ शोधताना आम्ही वाघ शोधत नाही. पाणवठ्याकडची वाट, ताजी माती, वानराचा 'खक्', चितळाची शिट्टी, याच्या मागे जातो. ऑक्टोपसचंही तसंच. तो बिळात राहतो आणि खाल्लेल्या खेकड्यांची कवचं, शिंपले बिळाच्या तोंडाशी टाकतो. हा उकिरडा म्हणजे त्याची खूण. कवचं स्वच्छ, चकचकीत, शेवाळ न धरलेली असतील तर घरात माणूस आहे. शिंपल्यावर बारीक गोल भोक असेल तर ते त्याने जिभेच्या कानशीने आणि लाळेने पाडलेलं, त्यातून विष आत सोडलेलं. बिळाच्या तोंडाशी दगड नीट रचून ठेवलेले असतील तर आणखी पक्कं.

आमची जात ठरली: ऑक्टोपस सायनिया, इंग्रजीत याला दिवसाचा ऑक्टोपस म्हणतात. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून हवाईपर्यंत, अंदमान आणि लक्षद्वीपलाही. बाकीचे बरेच भाऊबंद रात्री निघतात, हा उजेडात शिकार करतो, म्हणजे आमच्यासारख्यांसाठी देवमाणूस. ओळख: डोळ्याच्या खाली, हातांच्या मुळाशी, दोन्ही बाजूंना एकेक काळसर खोटा डोळा. आयुष्य जेमतेम वर्ष-सव्वा वर्ष. हे कळल्यावर भाची गप्प झाली. डिसेंबरातला माझा ऑक्टोपस आता बहुधा नाही.

वानराच्या 'खक्'च्या जागी मासे. दाढीवाले गोटफिश आणि हेकरू एकाच दगडाभोवती घुटमळत असतील तर मध्ये ऑक्टोपस असण्याची शक्यता मोठी. तो फटीत हात घालून भक्ष्य बाहेर काढतो, मासे निसटलेलं टिपतात. तांबड्या समुद्रात या मिश्र टोळ्यांचा अभ्यास झाला आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत ऑक्टोपस सोबतच्या माशांना सरळ हाताने ठोसा लगावताना दिसले. कधी भक्ष्यावरून, कधी कारण कळलंच नाही. काका म्हणाले, "आपल्याकडे पंगतीत असंच होते."

आता वाचन, म्हणजे ऑक्टोपसच्या हालचाली वाचणं. हे पान मी स्वतः तीनदा लिहिलं, कारण सगळं इथेच अडतं.

तो बिळातून डोकं वर-खाली करत असेल तर तो आपल्याला मोजतोय. डोळ्याची जागा बदलून अंतर ताडतोय. थांबा. एक वीतभरही पुढे नको. अंगाची पिशवी फुगते-आकसते तो श्वास, त्याचा ठेका मनात धरा. आपण सरकलो आणि ठेका वाढला तर मागे या. एक हात बाहेर आला, वाट्या उघड्या, टोक वळवळतंय, तर तो चाचपतोय. वाट्यांना चव कळते. पाण्यात सहज न विरघळणारे पदार्थ स्पर्शाने चाखणारी ग्रहणप्रथिनं त्या वाट्यांत असल्याचं २०२० साली दाखवलं गेलं. सुमारे ५० कोटी मज्जापेशींपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश हातांत आहेत, त्यामुळे तो हात बऱ्याच अंशी स्वतःच्या बुद्धीने चाललेला असतो. त्याला आपला हात देऊ नका. मोह होतो, पण नको.

आणि पांढरा पडला, डोळ्यांभोवती काळं आलं, छत्री ताणली, की कॅमेरा खाली. फोटो काढायची ती वेळ नव्हे. मला माझे ६३ आठवत होते.

२ ऑक्टोबर

दसरा. दीक्षाभूमीकडचे रस्ते माणसांनी फुललेले, काकांचे विद्यार्थी भेटायला आलेले, सोनं वाटून झालं. ताडोबा उघडला आहे आणि मी यंदा पहिल्या दिवशी गेलो नाही. बायकोने डॉक्टरला दाखवा म्हटलं.

१९ ऑक्टोबर

नियमांचं पान. भीतीचं पान म्हणा.

निळ्या कड्यांचा ऑक्टोपस हिंद-प्रशांत पट्ट्यातला, तळहातात मावेल एवढा. शांत असताना मळकट, कोणी लक्ष देणार नाही असा. चिडला की निळी कडी पेटल्यासारखी लखलखतात. चाव्यात टेट्रोडोटॉक्सिन, फुगणाऱ्या विषारी माशात असतं तेच. चावा कित्येकदा जाणवतही नाही. श्वासाचे स्नायू बंद पडतात, उतारा नाही. विष ओसरेपर्यंत कृत्रिम श्वास देत राहणं एवढाच उपाय. म्हणून रिकामा शिंपला, बाटली, डबा, काहीही हातात उचलायचं नाही, खिशात तर मुळीच घालायचं नाही. निळी कडी दिसत असलेला फोटो कितीही सुंदर असला तरी तो धोक्याची घंटा वाजताना काढलेला फोटो आहे, हे वाक्य काकांनी घालायला लावलं.

रात्रीच्या डायव्हसाठी: ऑक्टोपसचा डोळा निळ्या-हिरव्या प्रकाशाला सर्वात तीक्ष्ण, म्हणून शोधायला लाल दिवा. स्ट्रोबचे फोटो मोजून. भाची म्हणाली पाच, मी म्हणालो पंधरा, पुस्तिकेत दहा लिहिलं. हा आकडा शास्त्राचा नाही, तडजोडीचा आहे, हेही तिथे लिहिलं.

शिवाय बिळातून बाहेर काढण्यासाठी काडी घालणं, खेकडा दाखवणं, पळाल्यावर पाठलाग. हे करणारे मार्गदर्शक भेटतात. नम्रपणे नाही म्हणायचं. जंगलात जिप्सीला नंबर असतो, गाइड असतो, दंड असतो. पाण्यात आपणच आपले वनरक्षक.

९ नोव्हेंबर

मादीवरचं पान. नराचा एक हात वेगळा असतो, बहुतेक जातींत उजवीकडचा तिसरा. त्याने तो शुक्राणूंची पुडी मादीच्या पिशवीत ठेवतो. काही जातींत हा हात तुटून मादीतच राहतो. तो सापडला तेव्हा एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या क्यूव्हिए या प्राणिशास्त्रज्ञाने त्याला परजीवी कृमी समजून नावही देऊन टाकलं होतं. इथे काका इतके हसले की चहा सांडला.

त्यानंतर मादी अंड्यांच्या माळा बिळाच्या छताला लावते, त्यांवर पाणी सोडत, साफ करत बसते. खात नाही. पिल्लं निघतात त्या सुमारास मरते. १९७७ साली वोडिन्स्की या अमेरिकन शास्त्रज्ञाने डोळ्यांजवळच्या ग्रंथी काढून पाहिल्या तेव्हा माद्यांनी अंडी सोडली, पुन्हा खायला सुरुवात केली, जास्त जगल्या. म्हणजे उपासाने मरत नव्हत्या, मरण आतूनच ठरवलेलं होतं. कॅलिफोर्नियाजवळ मॉन्टेरीच्या खोल दरीत, सुमारे १,४०० मीटरवर, एक मादी त्याच खडकावर ५३ महिने अंड्यांवर बसलेली शास्त्रज्ञांनी २००७ ते २०११ दरम्यान वारंवार जाऊन पाहिली.

माझं मत होतं की अंड्यांवरच्या मादीचा लांबून एक फोटो चालेल. भाचीचं मत, एकही नाही. पुस्तिकेत तिचं मत गेलं. मला अजून पूर्ण पटलेलं नाही.

१० डिसेंबर

अधिवेशनाचा बंदोबस्त, सिव्हिल लाइन्समधून तलावाला जायला अर्धा तास जास्त. पाणी इतकं गार की दात कॅमेऱ्यापेक्षा जास्त क्लिक करत होते. भाचीचा लगद्याचा ऑक्टोपस पहिल्याच बुडीत विरघळला. तलावाच्या रखवालदाराने जाळी घेऊन गोळा केला आणि माझ्याकडे जे बघितलं ते लिहीत नाही.

११ जानेवारी

दुसरा ऑक्टोपस सायकलच्या ट्यूबचा आणि नारळाच्या करवंटीचा. करवंटीची कल्पना त्या जातीवरून जी करवंट्या पोटाशी धरून तळावरून चालत जाते आणि गरज पडली की आत शिरून झाकण लावते. २००९ साली हे हत्यार वापरण्याचं उदाहरण म्हणून नोंदवलं गेलं. डोळ्याच्या जागी काळ्या मण्याची आडवी फट.

त्या फटीवरून एक फार उपयोगाची गोष्ट हाती लागली. ऑक्टोपसची बाहुली आडवी असते, आणि अंग कसंही वळलं तरी ती आडवीच राहते. कानातल्या तोलासारखी यंत्रणा डोक्यात आहे, ती डोळा फिरवून सांभाळते. म्हणजे गवंड्याची पाणसळच. खोल पाण्यात क्षितिज नसतं, कॅमेरा तिरपा धरलाय हे कळत नाही. फोटोत बाहुली तिरपी दिसली तर ऑक्टोपस नव्हे, आपण तिरपे आहोत. पुस्तिकेच्या मलपृष्ठावर एवढंच चित्र काढायचं ठरलं.

तरंगणं आता जमतंय. श्वास अर्धा रोखून नाही, हळू घेऊन-सोडून. तळाला हात न लावता चार मिनिटं एकाच जागी. मागच्या वर्षी मी चाळीस सेकंदांत गुडघा टेकत होतो.

९ फेब्रुवारी, स्वराज द्वीप, अंदमान

दोन डायव्ह, ऑक्टोपस नाही. लायनफिश, समुद्रकाकडी, कासव एक. उकिरडे दोन, दोन्हींवर शेवाळ. घरात कोणी नाही.

१० फेब्रुवारी

तिसऱ्या डायव्हला, साधारण नऊ मीटरवर, तुटलेल्या प्रवाळाच्या ढिगाशी पांढरी खेकड्याची कवचं. ताजी. डाइव्हमास्टरला खूण केली, तीन मीटरवर थांबलो. काही नाही. दगडातला एक दगड श्वास घेत होता, हे मला सहाव्या मिनिटाला कळलं.

मग त्याने डोकं वर-खाली केलं. मी हललो नाही. कॅमेरा छातीशी. दोन गोटफिश आले. तो रंगाने पालटला, तपकिरी ठिपके, मग निघाला: पोहत नाही, ओघळत. माझ्यापासून हातभर अंतरावरून, माझ्याकडे लक्ष नसल्यासारखा. प्रवाळाच्या एका गड्ड्यावर चढला आणि हातांमधली कातडी तंबूसारखी त्यावर टाकली. कातडी फिकट झाली, खालून हात फटींत चाचपताहेत हे बाहेरून दिसत होतं. एका गोटफिशने कडेला तोंड घातलं. ठोसा नाही मारला, मी वाट बघत होतो.

अकरा मिनिटं. सात फोटो स्ट्रोबने, एक बिनस्ट्रोबचा. पांढराफटक एकदाही पडला नाही. मग टाकीतल्या हवेचा दाब पन्नास बारवर उतरला, वर.

रात्री खोलीत पडद्यावर बघताना भाचीने मोबाइल उचलून काकांना व्हिडिओ कॉल लावला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, आठही बघितले. म्हणाले, "चौथा दाखव." पुन्हा बघितला. "बाहुली तिरपी आहे. तू डावीकडे कललास. बाकी हा आपल्या कामात आहे."

२२ फेब्रुवारी

पुस्तिका ३२ पानी, ६० प्रती, सीताबर्डीत छापायला दिल्या. पान ९ वर एका ठिकाणी अजून 'पाय' राहिला होता, तो भाचीने प्रूफवर लाल शाईने 'हात' केला. बिनस्ट्रोबचा फोटो मधल्या पानावर, निळसर, अंधूक. मुखपृष्ठावर ऑक्टोपस नाहीच. कवचांच्या उकिरड्याचा फोटो आहे, कारण पहिल्यांदा शोधायचं ते हेच.

छापणाऱ्याने प्रूफ उजेडात धरलं. "दादा, इतके चांगले फोटो आहेत आत, अन् वर हा कचरा काऊन टाकला?"

भाची स्टूल ओढून त्याला समजावायला बसली. मी खाली जाऊन तीन चहा सांगितले.